एकट्याला कासेला लावणारा



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक ६ आणि ७, आणि त्यावर माउलींनी ज्ञानेश्वरीत केलेलं विवेचन.

आजचा लेख रोजच्यापेक्षा थोडा मोठा आहे. लोकलमध्ये किंवा पीएमपीत उभं राहून वाचत असाल तर निम्मा आत्ता वाचा, निम्मा रात्री. पण रात्रीचा निम्मा सोडू नका. तो मी माझ्यासाठीही लिहिलाय.

आधी श्लोकांचा आशय बघू. अर्जुनाने विचारलंय की सगुणाची भक्ती करणारा श्रेष्ठ की निर्गुणाची उपासना करणारा? देव उत्तर देताना म्हणतात, जे आपली सगळी कर्मं माझ्यावर सोपवतात, ज्यांना माझ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही, ज्यांचं चित्त माझ्यात गुंतलंय, त्यांना या मृत्युरूपी संसाराच्या समुद्रातून मी स्वतः बाहेर काढतो. आणि तेही फार वेळ न लावता.

‘मी स्वतः’ आणि ‘फार वेळ न लावता’. हे दोन शब्द आज धरून ठेवा.

आता माउली यावर काय करतात ते बघा. ते देवाला काठावर उभं करतात. देव बघतोय की जन्ममृत्यूच्या लाटांमध्ये सगळी सृष्टी गटांगळ्या खातेय. ते बघून देवाच्या पोटात कालवतं. हा समुद्र बघून कोण घाबरणार नाही? माझी माणसंसुद्धा घाबरत असतील! असं वाटून देव आपल्या अनेक रूपांचा मेळावा गोळा करतो आणि त्यांच्या गावाला धावत येतो. मग आपल्या हजारो नामांच्या नावा सजवतो आणि स्वतः तारू होतो. जे सडे आहेत, म्हणजे एकटे, ज्यांच्या मागे-पुढे कुणी नाही, त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो. ज्यांचा संसार आहे, बायकापोरं आहेत, त्यांना तराफ्यावर बसवतो. आणि कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्याला पैलतीराला आणतो.

‘सडा’ हा शब्द आपण अजून ‘सडाफटिंग’मध्ये वापरतो. पण ‘कासेला लावणे’ आणि ‘पेटी’ हे शहरातल्या मुलांना पटकन कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या नगर जिल्ह्यात पोहायला शिकायचं म्हणजे विहिरीत. स्विमिंग पूल बघितला तो पुण्यात आल्यावर. मामा कमरेला दोर बांधायचा, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर प्लास्टिकचा कॅन बांधायचा आणि खुशाल ढकलून द्यायचा. तो डबा म्हणजे माउलींची पेटी. आजच्या भाषेत लाइफ जॅकेट. आणि कासेला लावणं म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला पट्टीचा पोहणारा आपल्या कमरेच्या वस्त्राला धरायला लावतो आणि स्वतः पोहत त्याला ओढून नेतो. धरणाऱ्याने फक्त सोडायचं नाही. बाकी सगळं पोहणाऱ्याचं काम.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला एका खांबाला टेकून माउलींनी हे सांगितलं. नेवासे आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. तिथून समुद्र किती लांब! आमचा भाग पर्जन्यछायेतला. आम्हाला पाणी म्हटलं की मुळा धरण, नाहीतर प्रवरासंगमचा जायकवाडीचा फुगवटा. अशा कोरड्या मुलखात बसून माउलींनी समुद्रात सापडलेल्या एकट्या माणसाला कसं वाचवायचं ते सांगितलं. हे वाचताना मला नेहमी एका खऱ्या एकट्याची आठवण येते.

समुद्रातला सडा

कमांडर अभिलाष टॉमी हे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी. शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १ नोव्हेंबर २०१२ ला ते मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला मुंबईत परत आले. बोट होती गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’. त्यांच्याआधी याच बोटीतून आपले कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली होती, वाटेत काही बंदरांत थांबत. तशी एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या त्या मोहिमेत अभिलाष किनाऱ्यावरून मदत करत होते. म्हणजे एकट्याच्या प्रवासालाही गुरुपरंपरा असते बघा.

पुढे २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब रेस’ झाली. पहिली गोल्डन ग्लोब १९६८ ची. तिच्या पन्नासाव्या वर्षी ठरलं की यंदा त्याच जुन्या पद्धतीने जायचं. जीपीएस बघायचा नाही. कागदी नकाशे आणि सेक्स्टंट वापरायचा, सूर्य-तारे बघून आपली जागा काढायची. १९६८ ची शर्यत ज्या ‘सुहेली’ बोटीने जिंकली ती मुंबईत बांधलेली होती. तिचीच प्रतिकृती गोव्यात तयार झाली आणि अभिलाष यांनी तिचं नाव ठेवलं ‘तुरीया’.

अध्यात्माच्या वाटेवरच्या माणसाला हे नाव ऐकून थांबायलाच होतं. जागृती, स्वप्न, सुषुप्ती, आणि या तिन्हींच्या पलीकडची ती तुर्या. चौथी अवस्था.

१ जुलै २०१८ ला फ्रान्समधून शर्यत सुरू झाली. सप्टेंबरमध्ये अभिलाष तिसऱ्या क्रमांकावर होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरवर, वादळाने गाठलं. वारा सत्तर नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर. लाटा चौदा मीटरच्या घरात. चार मजली इमारत तुमच्या अंगावर येतेय अशी कल्पना करा, आणि ती पडली की तिच्यामागे दुसरी. बोट उलटली, डोलकाठी मोडली, आणि अभिलाष यांच्या पाठीच्या मणक्यांना जबर मार बसला. उठता येईना.

मुख्य सॅटेलाइट फोन बिघडला. दुसरा फोन आपत्कालीन पिशवीत होता आणि पिशवी त्याच बोटीत, पण तिथपर्यंत सरकता येत नव्हतं. हाताशी उरलं एक छोटं यंत्र, ज्यावरून मोजक्या अक्षरांचे संदेश जायचे. त्यावरून त्यांनी कळवलं की बोट उलटलीय, काठी गेलीय, पाठीला गंभीर इजा आहे, उठता येत नाही. पुढच्या संदेशांत कळवलं की पायाची बोटं हलतात, बधिर वाटतंय, अन्नपाणी पोटात ठरत नाही.

तीन दिवस असे गेले. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रं हलवली. भारतीय नौदलाचं विमान मॉरिशसहून उडालं आणि त्याने मोडक्या काठीची ती बोट शोधून काढली. भारताच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या युद्धनौका निघाल्या. पण सगळ्यात आधी पोचलं ते ‘ओसिरिस’ नावाचं फ्रेंच मत्स्यगस्ती जहाज. २४ सप्टेंबरला त्याची माणसं रबरी होडीतून तुरीयापर्यंत गेली, अभिलाष यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि ॲमस्टरडॅम नावाच्या छोट्या फ्रेंच बेटावर नेलं. तिथून आपल्या ‘आयएनएस सातपुडा’ने त्यांना भारतात आणलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, टायटॅनियमच्या सळया बसवल्या. चालणं पहिल्यापासून शिकावं लागलं.

तुरीया तिथेच, समुद्रात राहिली.

खरी जागा सांगणं

आता श्लोकाकडे या. देव म्हणतो, मी काढतो. मग आपण काय करायचं? नुसतं पडून राहायचं का?

मला त्या संदेशांमध्ये उत्तर सापडतं. अभिलाष यांनी त्या वेळी काय केलं? शीड उभारलं नाही, ते शक्यच नव्हतं. सुकाणू धरलं नाही. त्यांनी एकच गोष्ट केली. मी कुठे आहे आणि माझी अवस्था काय आहे, हे खरं खरं सांगितलं. त्यात ‘मी बघतो माझं माझं’ नाही. ‘थोडंसं लागलंय’ नाही. आणि रडारडही नाही. उठता येत नाही तर येत नाही. बोटं हलतात तर हलतात.

मंडळी, प्रार्थना म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आपण देवासमोर बसतो तेव्हा बऱ्याचदा खोटी जागा सांगतो. आतून वादळ चाललंय आणि वरून आरती एकदम सुरात. स्टेटसला विठ्ठलाचा फोटो, खाली तीन हात जोडलेले इमोजी, आणि मनात मात्र दोन महिने कुणाशी धड बोललेलो नाही. नामस्मरण करायचं, पण जखम दाखवायची नाही. जणू देवालासुद्धा आपला चांगला फोटोच पाठवायचाय.

१९६८ च्या त्या पहिल्या शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे एक इंग्रज होते. हौशी दर्यावर्दी, डोक्यावर आर्थिक ओझं, बोट पुरती तयार नसताना ३१ ऑक्टोबरला निघाले. पुढे जाण्यासारखी बोट नव्हती आणि परत फिरण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती. मग ते अटलांटिकमध्येच फिरत राहिले आणि रेडिओवरून खोटी जागा कळवत राहिले. जग समजत होतं की गडी जोरात चाललाय. १० जुलै १९६९ ला त्यांची बोट रिकामी सापडली. आत वह्या होत्या, त्यांत खरा हिशेब होता. ते परत आलेच नाहीत.

मी त्यांना नावं ठेवायला हे सांगत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर? मला खात्री नाही देता येत. इतकंच दिसतं की कुणी मदतीला निघालं असतं तरी चुकीच्या पत्त्यावर गेलं असतं. खोटी जागा सांगणारा माणूस समुद्रापेक्षा जास्त एकटा पडतो.

आणि या गोष्टीचं एक शेपूट आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. त्या शर्यतीचे विजेते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ‘सुहेली’वाले. त्यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले. खोटं बोलला म्हणून नाक मुरडलं नाही. मागे राहिलेल्या बायकोपोरांना तराफ्यावर घेतलं.

रूपांचा मेळावा

माउलींच्या विवेचनात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की देव येताना एकटा येत नाही. तो आपल्या रूपांचा मेळावा घेऊन धावत येतो.

तुरीयाकडे कोण कोण धावलं ते परत मोजा. वैमानिक भारतीय. सूत्रं हलवणारे ऑस्ट्रेलियन. होडीतून जाणारे फ्रेंच, ज्यांचं रोजचं काम मासेमारीवर नजर ठेवणं. आणि एक आयरिश तरुण, ज्याची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती.

ग्रेगर मॅकगकिन हे त्याच शर्यतीतले स्पर्धक. त्याच वादळात त्यांचीही डोलकाठी मोडली होती. त्यांनी उरल्यासुरल्या सामानातून कामचलाऊ काठी उभी केली, तिला शीड बांधलं आणि बोट कुठे वळवली? अभिलाष यांच्या दिशेने. स्वतःची बोट मोडलेली, स्वतःलाच मदत हवी, आणि हा माणूस रखडत, डुलत दुसऱ्याकडे निघाला. ओसिरिस आधी पोचलं आणि नंतर त्यांनाही त्याच जहाजाने उचललं. म्हणजे ‘गेले पण उपयोग काय झाला’ असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत तसं. स्ट्रेचरशिवाय हलता न येणाऱ्या माणसाच्या दिशेने कुणीतरी मोडक्या बोटीने निघालंय, याची किंमत आपण कशात मोजणार?

देव रूपं निवडताना आपली लायकी बघत नाही, दिशा बघतो. वळला का, एवढंच.

आणि आता पुढची गोष्ट ऐका. सळया बसवलेल्या पाठीने अभिलाष टॉमी ४ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला, खोल समुद्रात, फिनलंडचे टापिओ लेहटिनेन यांच्या बोटीत पाणी शिरलं आणि बोट बुडाली. ते लाइफ राफ्टवर. सगळ्यात जवळ दोन स्पर्धक होते. एक दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर आणि दुसरे अभिलाष टॉमी. दोघांनीही शर्यत बाजूला ठेवून बोटी वळवल्या. कर्स्टन ताई रात्रभर स्वतः सुकाणू धरून गेल्या आणि सकाळी त्यांनी लाटांमध्ये लपलेला तो राफ्ट गाठला, टापिओंना आपल्या बोटीवर घेतलं. मग एका मालवाहू जहाजाकडे त्यांना सोपवलं. त्या जहाजाचं नाव, ऐका हं, ‘दर्या गायत्री’.

पुढे ती शर्यत कर्स्टन यांनीच जिंकली, २७ एप्रिल २०२३ ला. दोन दिवसांनी अभिलाष दुसरे आले. पण माझ्या मनात राहतं ते नोव्हेंबरमधलं वळण. चार वर्षांपूर्वी ज्याच्याकडे बोटी वळल्या होत्या, त्याने आता आपली बोट वळवली.

नेवाशाची परंपरा हेच सांगते. सच्चिदानंद बाबांची कथा तुम्ही ऐकली असेल. त्यांचा देह स्मशानाकडे निघालेला, पत्नी सती जायला निघालेली. तिने वाटेत माउलींना नमस्कार केला आणि त्यांच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद गेला. बाबा उठून बसले. मग या मरणातून परत आलेल्या माणसाने काय केलं? लेखणी हातात घेतली. माउली बोलत गेले आणि बाबा लिहीत गेले. ज्ञानेश्वरी कागदावर उतरवणारा हात हा वाचवलेल्या माणसाचा हात आहे. ज्याला तारलं, तोच पुढे इतरांसाठी नाव झाला.

माझा न वळलेला प्रवास

आता रात्रीचा निम्मा भाग.

माझा एक मित्र आहे, नेवासे तालुक्यातला. नाव सांगत नाही, त्याच्या परवानगीने एवढंच लिहितोय. आम्ही नगरला एकत्र शिकलो. मी पुण्यात नोकरीला लागलो, तो सदाशिव पेठेत एमपीएससीची तयारी करायला आला. खोलीत चार जण, अभ्यासिकेची फी, मेसचा डबा. घरून फोन आला की म्हणायचा, “आई, तयारी एकदम मस्त चाललीय.” दुसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत गेला तेव्हाही मस्तच चाललं होतं. ओळखीच्यांकडून उसने पैसे घेतले तेव्हाही मस्तच. मला भेटायचा तेव्हा सगळ्यात जास्त जोक तोच मारायचा.

एका रात्री सव्वाअकराला त्याचा मेसेज आला. “जागा आहेस का?”

मी जागा होतो. मी मेसेज वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मीटिंग होती. मनात म्हटलं, हा आता तासभर बोलणार. फोन उलटा ठेवला आणि झोपलो. झोपायच्या आधी नेहमीप्रमाणे हरिपाठ म्हटला. तोही पूर्ण.

सकाळी विचारलं, “काय रे, काय म्हणत होतास?” तो म्हणाला, “काही नाही, सहज.”

वर्षभराने तो गावी परतला. आता शेती बघतो, दोन गाई आहेत, दूध घालतो. मागच्या कार्तिकात मी नेवाशाला गेलो तेव्हा आम्ही पैस खांबाचं दर्शन घेतलं आणि बाहेर पायरीवर बसलो. तिथे त्याने मला सांगितलं की ती रात्र काय होती. सगळं तपशिलात लिहायची गरज नाही. तो गच्चीवर गेला होता, एवढं सांगितलं की तुम्हाला कळेल.

त्याला खाली आणलं ते इमारतीच्या वॉचमन काकांनी. पाण्याची टाकी भरली का बघायला ते वर आले होते. त्यांनी काही ज्ञान दिलं नाही. “चल खाली, च्या टाकतो,” म्हणाले. खुर्ची एकच होती, ती याला दिली आणि स्वतः डब्यावर बसले. पहाटे चारपर्यंत आपल्या गावच्या म्हशीबद्दल बोलत राहिले. शेवटी हा रडला, आणि पहिल्यांदा खरी जागा सांगितली. सकाळी काकांनीच त्याच्या वडिलांना फोन लावून दिला. वडील दुपारी एसटीने पुण्यात हजर. आल्यावर पोराला एकच विचारलं, “जेवलास का?”

मी पायरीवर गप्प बसलो. मग म्हटलं, “मी मेसेज वाचला होता रे.”

तो म्हणाला, “माहितीय. निळं झालं होतं.”

आणि मग म्हणाला, “चल, आई जेवायला थांबलीय.”

त्या दिवशी मला कळलं की मेळाव्यात मलाही बोलावलं होतं. देवाने त्या रात्री माझं रूप मागितलं होतं आणि मी ते झोपायला नेलं. मग त्याने दुसरं रूप घेतलं आणि डबा ओढून बसला. देव थांबला नाही. राहिलो तो मी.

“दादा, मग सगळेच का नाही वाचत?”

हा प्रश्न तुमच्यातले बरेच जण विचारतात, आणि आज तो येणारच. क्रोहर्स्ट नाही वाचले. आपल्या जिल्ह्यातही अशी घरं आहेत जिथे विमान आलं नाही, होडी आली नाही. त्यांची भक्ती कमी होती का?

मी हात जोडून सांगतो, असं कुणी कुणाला कधीही म्हणू नका. ज्या घरात माणूस गेलाय तिथे जाऊन श्रद्धेचा हिशेब मांडणं हे पाप आहे. माउलींच्या विवेचनात देव कुणाची परीक्षा घेऊन मग पेटी बांधत नाही. तो लाटा बघतो आणि धावतो.

देवाने ज्याला समुद्र म्हटलंय तो एका जन्माचा नाही, मृत्यूचाच समुद्र आहे. त्यामुळे ज्याचा देह आपल्याला परत मिळाला नाही, तो देवाच्या हातातूनही निसटला असं मी मानत नाही. कासेला धरलेला हात कधी इकडच्या काठाला लागतो, कधी पैलतीराला. हे मी श्रद्धेने म्हणतो, सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण या श्रद्धेच्या आड लपून मला माझा फोन उलटा ठेवता येणार नाही. पैलतीर देवाकडे. ऐलतीरावरचा सव्वाअकराचा मेसेज माझ्याकडे.

आणि ‘फार वेळ न लावता’ याचं काय? तीन दिवस मोडक्या पाठीने पडून राहणाऱ्याला ते तीन दिवस केवढे वाटले असतील! पण किनाऱ्यावरून बघितलं तर दिसतं की पहिला संदेश गेला त्या दिवसापासूनच कुणी ना कुणी निघालं होतं. समुद्रच एवढा मोठा की पोचायला तीन दिवस लागले. तुम्ही हाक मारली असेल आणि अजून कुणी दिसत नसेल, तर एवढं धरून ठेवा. दिसत नाही म्हणजे निघालंच नाही असं नसतं. आणि हाक एकदाच मारून थांबू नका. एक नंबर लागला नाही तर दुसरा लावा.

आजचा अभ्यास

तीनच गोष्टी, आजच्या आज.

एक. रात्री देवासमोर बसाल तेव्हा स्तोत्र म्हणायच्या आधी दोन मिनिटं आपली खरी जागा सांगा. मोठ्याने सांगितलं तरी चालेल. “देवा, मी इथे आहे. हे हलतंय, हे हलत नाही.” बस.

दोन. हीच खरी जागा एका जिवंत माणसाला सांगा. आई, मावशी, रूममेट, कुणीही. देवाला सांगितलं म्हणजे माणसाला सांगायची गरज नाही, हा भक्तीचा गैरसमज आहे. तो माणसांच्या रूपातच धावत येतो. आणि आत्ता या घडीला गच्चीसारखे विचार मनात येत असतील, तर हा लेख इथेच ठेवा आणि १४४१६ लावा. ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही. नौदलाच्या कमांडरनेही संदेश पाठवलाच होता.

तीन. तुमच्या फोनमध्ये कुणाचा तरी ‘सहज’ पडलेला असेल. आज बोट वळवा. तुमची काठी मोडलेली असली तरी वळवा. काय बोलायचं सुचत नसेल तर “जेवलास का?” एवढं पुरतं.

मीही आता रात्री फोन उलटा ठेवत नाही. आई म्हणते झोप मोडते. मोडू दे.

चला, प्रार्थना करू.

पांडुरंगा, मला पोहता येत नाही हे तुला सांगायची मला लाज वाटते, ती लाज काढून घे. तुझी कास सापडली की ती सोडणार नाही एवढं बळ दे. आणि माझ्या शेजारी कुणी गटांगळ्या खात असेल तर माझं तोंड तिकडे वळव. मी वेळेत नाही वळलो तर दुसऱ्या कुणाला तरी पाठव, पण मलाही पुन्हा बोलाव.

उद्या पुढच्या श्लोकावर, मन आणि बुद्धी देवाच्या ठिकाणी ठेवण्यावर बोलू.

माउली सगळ्यांना सुखरूप ठेवो.

राम कृष्ण हरि.